मुठीत न मावणारा सूर

मित्रांनो, मी एक जुना स्वरकाटा आहे. जेवणाच्या टेबलावरचा नव्हे हं! एकदा एका पाहुण्याने मला लोणच्यात घातलं होतं, तो अपमान मी अजून विसरलो नाही. मला गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचं. मी नेमका सूर देतो.

माझा जन्म शेफील्डच्या कारखान्यातला. वेल्सच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाने मला जत्रेतून आणलं. तिथे नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये प्लगाइन, म्हणजे नाताळगीतांची बैठक भरते. ना वाद्य, ना नावांचा पुकारा. ज्याला गायचं तो आपणहून उठतो, आणि एका संध्याकाळी एक गीत दोनदा होत नाही. त्या मेंढपाळाने घरासाठी एक गीत रचलं. त्याची नातवंडं एलिस, मेरेरिड आणि धाकटा ग्विलिम ते तीन आवाजांत गात. सूर माझा! लोक वाहवा करत, आणि मी खिशात फुगून बसे.

मग ग्विलिमचं लग्न झालं. त्याने ते गीत बायकोला, लाउरीला शिकवलं आणि सासुरवाडीला गायलं. एलिस भडकला. "आजोबांचं गाणं आहेरात दिलंस का रे?" ग्विलिमने मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि तो निघून गेला. सात वर्षं मी सुतळी आणि मेंढ्यांच्या औषधांबरोबर खणात पडून होतो. फार वाईट वाटायचं.

मग एका वर्षी मेरेरिडला छातीचं दुखणं जडलं. एकदा तरी तिघांनी गावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने मला पुसून एलिसच्या खिशात घातलं आणि त्याला चर्चमध्ये प्लगाइनला नेलं.

तिथे लाउरीशेजारी बसलेला ग्विलिम एकटाच उठून पुढे गेला. आता हा आपलं गीत गाऊन टाकणार, या धास्तीने एलिसने मला मुठीत आवळलं. पण ग्विलिम एलिसकडे पाहत थांबला.

"सासुरवाडीत काटा मिळत नाही वाटतं," एलिस पुटपुटला.

"सात वर्षांत त्याने दुसरा घेतलाच नाही," मेरेरिड म्हणाली. "ते गाणंही पुन्हा गायला नाही."

तेवढ्यात ग्विलिमने हात पुढे केला. "दादा, सूर दे."

एलिस उठला. दुखऱ्या गुडघ्यावर मला आपटून त्याने धाकट्याच्या कानाशी धरलं. तिघं गायली. शेवटच्या कडव्यात मेरेरिडला दम पुरेना, तेव्हा ग्विलिमने आपला आवाज सोडून तिचा उचलला.

पुढच्या नाताळात मेरेरिड नव्हती. दोघं भाऊ उभे राहिले, पण तिसरा आवाज कुठून आणायचा?

मित्रांनो, मला दांड्याला हलकं धरा. मुठीत आवळलंत की मी मुका होतो. गंजेपर्यंत खणातही टाकू नका. एवढीच विनंती.

एलिसला ते उशिरा कळलं. तो लाउरीच्या बाकापाशी गेला, त्याने मला गुडघ्यावर आपटलं आणि तिच्या कानाशी धरलं.

"ये गं," तो म्हणाला. "तुला येतं ना आमचं गाणं?"