अळणी

शिंप्याच्या हातातली कात्री पुन्हा खाली पडली आणि त्याची बायको हातातलं काम टाकून त्याच्याजवळ आली.

गेल्या वर्षी याच माणसाची झोप उडाली होती. आभाळाएवढ्या देवाला अंगरखा शिवतो म्हणत त्यानं गिऱ्हाइकांची सगळी कापडं कापून टाकली. आवरायला आलेल्या सख्ख्या भावाच्या अंगावर धावून गेला. मग लिथियमची गोळी सुरू झाली. देवाची कृपा, तिचा चेष्टेखोर, सावकाश बोलणारा नवरा तिला परत मिळाला. आज मात्र त्याची जीभ जड झाली होती, पाय भेलकांडत होते.

"अहो, प्यायलात की काय?"

"तुझं अळणी जेवून कुणाला चढते का गं?" तो हसायला गेला आणि भडाभडा ओकला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचे थरथरते हात पाहिले, रक्त तपासायला पाठवलं. "गोळी जास्त गेली का?"

"छे हो! मीच देते रोज."

"जुलाब? खाण्यापिण्यात काही बदल?"

"मीठ तोडलंय ना," ती जरा अभिमानानंच म्हणाली. "शेजारीण म्हणाली, या गोळीनं किडनी जाते. म्हटलं, मिठाचा तरी त्रास नको."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "ताई, मीठ एकदम तोडलं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही. रक्तात साठते. तिचं विष होतं."

"म्हणजे मीच..."

"तुम्ही मायेनं केलंत. आधी सांगायचं काम आमचं होतं."

सलाईन लागलं. गोळी बंद झाली.

"बंद? आणि ते दुखणं उलटलं तर?"

"उलटू शकतं. झोप उडाली, बोलणं वाढलं, की लगेच सांगा."

देवा, आता याच्या बरं होण्यालाही भ्यायचं का? ती उशाशी बसून राहिली. दोन दिवसांनी त्याचे हात स्थिरावले. तो उठून बसला.

"अगं, ही चादर कुणी शिवली? आंधळ्यानं?"

नर्स खळखळून हसली. "आले हो तुमचे मालक भानावर!"

तीही हसली. मग त्याचं बोलणं उशीच्या खोळीवर घसरलं, तिथून पडद्यांवर, तिथून नर्सच्या कॉलरवर. सगळ्या दवाखान्याचे कपडे तो नव्यानं शिवणार होता, आजच, फुकट. दोन वाक्यांमध्ये तो श्वास कुठे घेतोय, ते ती कान देऊन ऐकत होती. श्वास सापडेना.

चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे अनवाणीच धावली.