फोटोतून पुसलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. भिलाईतल्या एका सभ्य मराठी घराची इभ्रत माझ्या हाती आहे, असं मी अभिमानानं सांगतो. मात्र मला हात नाहीत, आणि ती इभ्रत चार पायांवर विजेच्या खांबाकडे ओढ घेत असते.

मित्रांनो, मूळचा मी कुत्र्याचा नव्हे. मी विजयकुमार बोरकुटे यांच्या कमरेचा. ते पोलाद कारखान्यात कारकून होते आणि मला बांधूनच ड्यूटीवर जात. पुढे त्यांचं पोट माझ्या शेवटच्या भोकाच्याही पलीकडे गेलं. तेव्हा पावर हाउस बाजारातल्या मोच्यानं मला माझ्यासारख्याच एका निवृत्त पट्ट्याला शिवलं, टोकाला कडी लावली आणि मी फोरमनच्या गळ्याशी रुजू झालो.

फोरमन हे कुत्र्याचं नाव. ऑफिसात दिवसभर ज्यांचं ऐकावं लागतं, त्यांच्यातल्या एकाला तरी घरी ‘बस’ म्हणता यावं, म्हणून विजयकुमारांनी ते ठेवलं. तो बसत नाही, हा भाग वेगळा. फोरमन जन्मानं पांढरा आणि वास्तव्यानं तांबूस आहे. कारखान्याची लाल धूळ इतक्या निष्ठेनं अंगावर घेतलेला दुसरा प्राणी मी पाहिला नाही.

यंदा विजयकुमार निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. रुआबांधा वस्तीत गिरजाबाई नावाच्या घरमालकिणीचा वरचा मजला पसंत पडला. पण कुत्रा म्हटल्यावर त्या अडल्या. आधी त्याचा फोटो पाठवा, मग बघू, म्हणाल्या. नाही जमलं तर फोरमनची रवानगी उतईला, मेहुण्याच्या शेतावर, असं विजयकुमारांनी जाहीर केलं. जाहीर करताना ते भिंतीकडे बघत होते.

फोरमनला उठता-बसता ‘मेल्या’ म्हणणाऱ्या त्यांच्या पत्नी कलावतीबाई पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणाल्या, “उतईले तुमी जा. तो इथंच राहीन.”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरसमोरच्या मैदानात मुलगी मृणाल मोबाईल घेऊन सज्ज झाली. फोरमननं आधी शेपूट दिली, मग जांभई दिली, मग बिस्किटाचा पुडा कॅमेऱ्यात येईल अशा बेतानं खाल्ला. शेवटी विजयकुमारांनी मला मुठीत धरून करकचून ताणलं, तेव्हा कुठे त्याचं तोंड समोर आलं. तो एक फोटो माझ्या जिवावर निघाला, हे मी नम्रपणे नमूद करतो.

घरी येऊन मृणालनं त्याच फोटोत मला पाहिलं आणि नाक मुरडलं.

“पट्टा कितना गावठी दिसून राहिला, बाबा. टेन्शन मत लो, मी काढून टाकते.”

तिनं बोट फिरवलं. मी गेलो. इतक्या वर्षांची नोकरी, आणि निरोपाचा नारळसुद्धा नाही. माझ्याबरोबर विजयकुमारांची मूठही पुसली गेली. तेवढा अंगठा फोरमनच्या पाठीवर राहून गेला. मग फोरमन पांढराशुभ्र झाला, त्याचे दात त्याहून शुभ्र झाले. मागची कारखान्याची धुरांडी जाऊन तिथे बर्फाचे डोंगर आले. विजयकुमार म्हणाले, आता कसा क्लास वन ऑफिसर वाटते. फोटो गेला.

संध्याकाळी गिरजाबाईंचा फोन आला. सगळे कान देऊन बसले.

“भाऊ, हा त बर्फातला कुत्रा दिसते. माह्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात जगन का हा? आन् असा मोकळाच हिंडते का हो? गच्चीवर माहे पापड राह्यते.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “त्याच्या पाठीवर ते काय उगवलं? डाक्टरले दाखवलं का?”

जमणार नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. विजयकुमार पुन्हा भिंतीकडे बघू लागले. कलावतीबाई मात्र उठल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

“चाला. खरा कुत्रा दाखवू त्याहिले.”

गिरजाबाईंच्या फाटकापाशी फोरमनला गच्चीवरून उतरवून अंगणात ठेवलेल्या पापडांचा वास आला. पुढचं सांगायला नको. त्यानं झेप घेतली, कलावतीबाई दोन पावलं ओढल्या गेल्या, माझी जुनी शिवण करकरली. पण मित्रांनो, मी सुटलो नाही. पापडांपासून वीतभर अंतरावर फोरमन थांबला आणि नाइलाजानं बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

गिरजाबाईंनी त्याला खालवर न्याहाळलं, पाठ चाचपली, मग माझ्याकडे पाहिलं.

“हा त आपल्यासारखाच लाल निघाला. आन् पट्टा मजबूत आहे. या राह्याले.”

तो फोटो आता नव्या घराच्या बैठकीत फ्रेम करून लावला आहे, अंगठ्यासकट. पाहुणे विचारतात, मृणाल विषय बदलते.

मित्रांनो, फोटो खुशाल सुंदर करा. फक्त काही पुसण्याआधी एवढं बघा, की त्यानं काय धरून ठेवलं आहे. जुन्या वस्तूंना जपा, त्यांना तेल-पाणी करा, त्यांचे उपकार विसरू नका.

नव्या घरासाठी फोरमनला लाल नायलॉनचा पट्टा आणला आहे. माझ्यानं सध्या कुलरचं मागचं झाकण बांधलेलं आहे.