गळ्याभोवतीची घोंगडी

१९९६ साली कडेगावाजवळच्या माळावर दर रविवारी नानासो महाराजापुढं माणसं कोसळत. महाराज मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं लावी, डोळे मिटी, आणि समोरचं माणूस पोत्यासारखं आडवं होई. "बिरोबा आला, भंडारा उधळा!" थोड्या वेळानं माणूस शुद्धीवर येई. विसर, चक्कर, पाय ओढणं, सगळं देवानं नेलं, असं महाराज सांगे. वर डॉक्टरच्या गोळ्या माळावर फेकायला लावी. देवाला त्यांचा वास सोसत नाही म्हणे.

बिराप्पानं आपल्या बायकोला, हरणाबाईला, इथं तीनदा आणलं होतं. मेंढरांमागं जन्म गेलेली हरणाबाई कळप मोजताना चुकू लागली होती, कालवणात दोनदा मीठ घालत होती, उजवा पाय फरपटत होती. शहरात विश्रामबागला दवाखाना असलेल्या अश्लेषा डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेला नळी लावून ऐकलं, डोक्याचा स्कॅन केला. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, आणि मेंदूतल्या केसाएवढ्या वाहिन्याही जागोजागी बुजल्या आहेत, असं त्या म्हणाल्या. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा जोडीनं दिसतात, ती कशी ते डॉक्टर लोकही अजून शोधताहेत, असंही त्यांनी सांगितलं. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, तंबाखूची मिश्री सोडायला सांगितलं. पण विसर काही जाईना, आणि बिराप्पाला धीर नव्हता.

अंगात देव येतो हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. हरणाबाई कोसळली तेव्हा त्यानंच भंडारा उधळला. तिसऱ्या रविवारी ती उठली ती अर्धं अंग लुळं होऊन. महिन्याभरात गेली.

महाराज मानेला बोटं लावतो हे त्याच्याकडून ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. जबड्याखाली मानेत एक जागा असते. ती दाबली की ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणसाची शुद्ध जाते. सुजलेली वाहिनी दाबली तर आत धरलेली खपली सुटून मेंदूत अडकू शकते, अर्धं अंग जाऊ शकतं. तुम्ही तिथं का गेलात, असं त्यांनी विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी रांगेत हरणाबाईची धाकटी बहीण धोंडुबाई बसली होती. तीही एक पाय ओढत चालायची. बिराप्पा घोंगडीची जाड घडी गळ्याभोवती गुंडाळून तिच्या पुढं जाऊन बसला.

"आदी माझ्यात आणा देव."

महाराजानं घोंगडीवरून बोटं रुतवली, मंत्र म्हटले, घाम पुसला. बिराप्पा बसलेलाच.

"घोंगडी काढ."

"का? आम्हा धनगरांचा बिरोबा घोंगडीतच ऱ्हातो की. तिला कवापासनं भ्यायला लागला?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"मग डोक्यावर हात ठेव, पाठीवर ठेव. देवाला माझं नरडंच कशाला लागतंय?"

बायको गेल्यापासून ह्याचं डोकं फिरलंय, असं महाराज म्हणाला, आणि बऱ्याच माना डोलल्या. बिराप्पानं उभं राहून नस, ठोके, खपली सगळं सांगितलं. निम्म्या लोकांनी ऐकलंच नाही. एक म्हातारा तर रिकामी जागा दिसली म्हणून पुढं सरकला.

बिराप्पा मेव्हणीकडं वळला. "देव आला न्हवता गं. ह्याची बोटं आली हुती. आन मी भंडारा उधळीत बसलो."

 धोंडुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

"दाजी, गोळ्यांचं पाकीट मगाशी तिकडं फेकलंय. हुडकाय या."

दोघं माळावर वाकून शोधू लागली. मागं कोणीतरी कोसळलं, भंडारा उडाला.

माणूस कोसळला तर भंडारा उधळण्याआधी विचारा, त्याला कुणी कुठं दाबलं होतं. बिराप्पानं ते उशिरा विचारलं.