सीमेवरचा ठोसा

शेवटचा रविवार इतर रविवारांसारखाच सुरू झाला, म्हणजे गंगाधररावांच्या अपमानाने. दारात चपला काढता काढताच गुरुशांत ओरडला, "काय गंग्या, आज किती झेल सोडले?"

"सोडला नाही. ठोसला." गंगाधररावांनी कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणीत दही कालवलं.

आतल्या खोलीत उत्कर्षाने पुस्तकाचं पान उलटलं. बापाचा आणि त्याच्या मित्राचा हा संवाद ती सव्वीस वर्षं ऐकत होती.

गंगाधरराव तेव्हा पाच वाजेपर्यंत कारकून आणि साडेपाचनंतर गोलकीपर. सोलापुरात फुटबॉल बघायला येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली निम्मी शेळ्या हाकायला आलेली. पण गोलात गडी पक्का. क्रिकेटला त्यांना बोलवायचे ते अकरावा मिळाला नाही तरच. तो मिळाला नाही नेमका कचेऱ्यांच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याला. शेवटचा चेंडू, समोरच्यांना पाच धावा हव्या. फलंदाजाने चेंडू उंच उडवला तो थेट सीमेवरच्या गंगाधररावांकडे. नुसती ओंजळ धरली असती तरी झेल होता. त्यांनी उडी मारली आणि गोलावरून काढावा तसा मुठीने चेंडू दोरीपलीकडे काढला. षटकार. चषक गेला. गोलंदाज गुरुशांत कपाळाला हात लावून खाली बसला तो, त्याच्या म्हणण्यानुसार, अजून उठलेला नाही.

त्यानंतरही गंगाधररावांनी बारा वर्षं गोल अडवले. गावाला आठवतो तो ठोसा.

"का ठोसलास, ते एकदा सांग की मर्दा," त्याही रविवारी गुरुशांतने विचारलं.

"सवय रे," म्हणून गंगाधररावांनी आणखी चटणी मागितली.

उत्कर्षाला खरं कारण ठाऊक होतं. आता सांगूनच टाकू, असं तिने ठरवलं. पण चटणी वाढली आणि पुढच्या रविवारावर ढकललं. सोमवारी सकाळी गंगाधरराव उठलेच नाहीत.

दहाव्याला घाटावर एकुलत्या एक लेकीनेच पिंड ठेवला. कावळे आले तीन, शिवेना एकही. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "गेलेल्यांचं काही मनात राहिलं असेल तर बोला."

"आमच्या लिंगायतांत बरं हाय, पुरून मोकळं. कावळ्याची भानगडच न्हाय," गुरुशांत पुटपुटला. तरी पुढे होऊन त्याने हात जोडले. "गंग्या, इथून पुढं तुला झेलावरनं कुणी बोलणार न्हाय. ये की."

कावळे चार हात मागे सरले.

"थापा ओळखतंय गंग्या अजून," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. उत्कर्षाही हसली, आणि मग तिला हसू आवरेना, पदर तोंडावर धरावा लागला. गुरुशांतने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काका, सवय नव्हती ती," ती म्हणाली. "गच्चीवर मी आणि बाबा खेळायचो. मी चेंडू फेकून 'ठोसा!' ओरडायचे, की ते मूठ मारायचे. त्या दिवशी मी दोरीमागेच उभी होते. आठ वर्षांची. चेंडू उंच आला आणि मी ओरडले." तिने पिंडाकडे पाहिलं. "तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाहीत. बाबा, तो झेल मी घालवला."