झेडनंतरची माणसं

तिसऱ्या मजल्यावरचा फोल्के ओबेर्ग, चाळीस वर्षं माझा मासेमारीचा जोडीदार. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको बिर्गित गेली, आणि त्याच वर्षापासून तो जिन्यात मला बघून मान फिरवायला लागला. मी म्हटलं, गेलास उडत! पण रविवारी तळ्यावर एकट्याने गळ टाकून बसायचं म्हणजे जिवावर येतं हो.

परवा सोसायटीच्या दर ऑगस्टातल्या शेवंडांच्या जेवणाच्या आमंत्रणचिठ्ठ्या छापल्या. रहिवाशांची यादी संगणकावर मीच बसवलेली. कमिटीतल्या नव्या यील्वाने टपालपेट्या मोजल्या आणि म्हणाली, "घरं अठ्ठेचाळीस, चिठ्ठ्या एक्केचाळीस?"

"सात घरं रिकामी असतील."

"रिकाम्या घरांतून रोज कॉफीचा वास येतो होय, रुने?" बाईची जीभ बघा!

संगणक बंद करून चालू केला. एक्केचाळीस. वायर हलवली. एक्केचाळीस. अस्सा संताप आला, दिली त्याला एक थाप!

"त्या बिचाऱ्याला का बदडतोस? तू त्याला नेमकं विचारलंस काय, ते दाखव."

विचारलं होतं साधंच. यादीत गॅरेजचे नंबरही घुसलेले, ते गाळायला मी सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं: ज्यांची नावं ए ते झेडमधल्या अक्षराने सुरू होतात, तेवढीच दे.

यील्वाने कपाळाला हात लावला. "अरे, स्वीडिश ना तू? आपली अक्षरं झेडला संपतात का?"

नाही ना संपत! पुढे डोक्यावर टिंबं-वर्तुळं घेतलेली आणखी तीन येतात, पहिलीतलं पोर सांगेल. त्याच तिघांनी सुरू होणारी, गळालेली सात नावं तिने वाचली: ओकेर्लुंड, एर्लिंग... आणि ओबेर्ग.

म्हणजे सहा वर्षं फोल्केला चिठ्ठीच गेली नव्हती! आमच्याकडे चिठ्ठीशिवाय कुणी जेवायला येत नाही, आणि 'मला का नाही?' असं विचारायला तर कुणाची जीभच रेटत नाही.

हाताने चिठ्ठी लिहिली आणि तिसरा मजला चढलो. फोल्केने दार फटीएवढं उघडलं. मी अक्षरं, गॅरेज, संगणक, सगळं एका दमात ओकून टाकलं. "मी गाढव आहे, फोल्के. रागबिग काही नव्हता रे."

त्याने चिठ्ठीवरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "ती होती तोवरही तुम्ही खरं तर बिर्गितलाच बोलवत होतात."