जाहिरातीपुरती इस्त्री

माझी धाकटी नणंद इंग्रजी शिकली ती इस्त्रीमुळे. हसू नका, खरं सांगतेय. माझं खोटं वेगळं असतं, ते ऐकायला जास्त बरं लागतं.

आमच्या घरातलं वायरिंग असं, की इस्त्री लावली की टीव्हीवरचं चित्र पोटात दुखत असल्यासारखं वळवळायचं. आवाज मात्र खणखणीत. टीव्हीवर हक्क सासऱ्यांचा, आणि त्यांना वेड इंग्रजी चॅनेलवरच्या कुस्त्यांचं. एक अक्षर कळायचं नाही, पण कुणी कुणाला आपटलं हे कळायला भाषा कशाला लागते? तर नियम ठरला. कुस्ती चालू असेतो इस्त्री बंद आणि नणंद स्वयंपाकघरात. जाहिराती लागल्या की सासरे संडासाकडे, आमचे हे पाणी प्यायला, आणि जाता जाता हाक, "गप्पू, कर गं आता इस्त्री!"

गप्पू म्हणजे गप्प बसणारी. तिच्या पायावर कुणी पाय दिला तरी तीच म्हणायची, "चुकलं माझं, पाय मध्येच होता."

अशी नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या पोरीने इंग्रजीत जाहिरातींशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. टेबलावर इस्त्रीखाली इंग्रजी पेपर पसरलेले असत, त्यातही ती जाहिरातीच वाचायची. साबणाच्या खोक्याची मागची बाजू तर अशी वाचायची, जणू कुणी तिला पत्र धाडलंय. एबीसीडी शाळेतली होतीच. व्याकरण तिने स्वतःचं स्वतः बसवलं.

"वहिनी, सोपं आहे," एकदा बाह्या दाबता दाबता म्हणाली. "काल म्हणजे डाग. आज म्हणजे साबण. उद्या म्हणजे शेजारीण जळणार. झाले तिन्ही काळ."

पुढे काय झालं, सासऱ्यांच्या बहिणीचा, म्हणजे आत्याबाईंचा निरोप आला. गुडघे गेले, गप्पूला कायमची पाठवून द्या. आत्याबाईंकडे याआधी दोघीजणी राहिल्या होत्या. एक पळून गेली. दुसरी तिला शोधायला म्हणून गेली, ती अजून शोधतेय. पण घरात सगळ्यांनी माना हलवल्या, सोमवार ठरला, आणि गप्पू म्हणाली, "बरं."

मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, मला नाही जायचं."

"हे कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"मी काय कोर्ट आहे?"

तिने पेपरचा एक कपटा पुढे केला. कडेने इस्त्रीचा पिवळा डाग. मोठ्या हॉटेलातल्या लाँड्रीवर देखरेखीला बाई पाहिजे, पाहुण्यांशी फोनवर इंग्रजी बोलता आलं पाहिजे, मुलाखत गुरुवारी. म्हटलं, चल. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. कुणाचा दात, हेही कुणी विचारलं नाही.

मुलाखत घेणारे साहेब टायवाले. टाय इतका आवळलेला की डोळे खिडकीत आलेल्या माणसासारखे बाहेर. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. सगळं बोलणं इंग्रजीत. मला त्यातलं निम्मं कळलं, निम्मं गप्पूने बसमध्ये सांगितलं, आणि मधली भोकं मी बुजवलीत.

साहेब म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

हाच प्रश्न आपल्या भाषेत विचारला असता तर पोरगी चपलेकडे बघत म्हणाली असती, "सांगण्यासारखं काही नाही." पण तिचं इंग्रजी आलेलं विकणाऱ्यांकडून. त्यांच्याकडे 'माफ करा' नसतं, 'बहुतेक' नसतं, आणि 'तुम्ही म्हणाल तसं' तर औषधालाही नसतं. मग तिच्याकडे तरी कुठून येणार?

गप्पू उभी राहिली. जाहिरातीतली बाई कधी बसते का?

"साहेब, तुमच्याकडे उतरलेला पाहुणा चादर बघून तोंड का फिरवतो?"

"फिरवतो?" साहेब दचकले.

"फिरवतो. तुम्हाला सांगत नाही. बायकोला सांगतो."

साहेबांनी रुमाल काढला. गप्पूने तो बघितला, नुसता बघितला, आणि साहेबांनी तो परत खिशात कोंबला.

"आणि ही कॉलर! ताठ मानेनं जगायची तुमची लायकी नाही का?"

"आहे," साहेब बारीक आवाजात म्हणाले.

"मग उशीर कशाला? आजच निर्णय घ्या."

मी हसू दाबायला पर्स तोंडावर धरली. साहेब सावरले, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुमच्यात काही उणिवा?"

मेलो, म्हटलं. जाहिरातीतल्या वस्तूत उणीव असते कुठे? पण असते हो. शेवटी एक माणूस कुत्रं मागे लागल्यासारखा भराभरा काहीतरी म्हणून जातो ना, तिथे असते. गप्पूने छातीभर श्वास घेतला आणि एका दमात सोडलं, "स्वयंपाक बेताचा डाव्या कानानं कमी ऐकू येतं अनोळखी माणसापुढे घाम फुटतो पहाटे उठवल्यास परिणाम वेगळे दिसू शकतात अटी लागू."

"काय म्हणालात?"

गप्पू हसली. टूथपेस्टवालं हसू, अक्कलदाढेसकट. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'उणिवा नाहीत'. मी मान लांब करून स्वतः वाचलं.

"सात दिवस वापरून बघा," ती म्हणाली. "पटलं नाही तर परत करा."

साहेबांनी टाय सोडून तिच्या हातात दिला. "सोमवारी या. येताना हा धुऊन आणा."

बसमध्ये गप्पू आधी हसली, मग टायची गुंडाळी करत म्हणाली, "वहिनी, घरी तुम्ही सांगाल ना?"

"नोकरी मला लागलीय का?"

"मग इंग्रजीत सांगू?"

"सांग. ते तुला कुस्ती समजतील."

घरी गेलो तर खरंच कुस्ती चालू. आमचे हे मान न वळवता म्हणाले, "गप्पू, आत्याबाईंकडची बॅग भरलीस का गं?"

ती दारातच उभी. कपाळावर घाम. मी मागून चिमटा काढायला हात पुढे केला, तेवढ्यात म्हणाली, "दादा, मी जाणार नाही. मला नोकरी लागलीय."

ना हसू, ना ऐट. साध्या आपल्या भाषेत. सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला विचारलं, "हे कोण बोललं?"

"तुमची मुलगी," मी म्हटलं.

हे चिडले. "आणि आत्याबाईंकडे कोण जाणार?"

"तू जा ना, दादा. तूही भाचाच आहेस त्यांचा."

"मी? मला काय येतं?"

"शिकशील," गप्पू म्हणाली आणि टाय भिजवायला निघून गेली.

दोन दिवस घरात आरडाओरडा झाला. आत्याबाईंचे आणखी तीन निरोप आले, तिसऱ्यातली भाषा मुलांसमोर सांगण्यासारखी नाही. गप्पूने प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, आणि दर वेळी आवाज थोडा वाढला.

सोमवारी सकाळी भाऊ-बहीण एकाच स्टॉपवर उभे होते. मी खिडकीतून बघत होते. त्याच्या हातात बॅग, तिच्या हातात कागदात गुंडाळलेला टाय. तिची बस आधी आली. ती पायरीवर चढत असताना यांनी तिला गाठलंच.

"गप्पू, अगं, आत्याबाईंना सकाळी किती वाजता उठवायचं?"

"त्या उठवतात," ती म्हणाली, आणि बस सुटली.