तुळशीरामची शिंक

"पंखा बंद केला नं?" दाराच्या फटीत ओलं पोतं दाबत कमलनं विचारलं.

"केला."

"मंग हवा कुठून येऊन राहिली?"

"माह्या नाकातून," तुळशीराम म्हणाला. "म्हनशीन तं थेही बंद करतो."

कमल हसली नाही. तिची नजर स्पिरिटच्या दिव्यावर होती. ज्योत हलली म्हणजे वारा आला, वाऱ्यावर बसून बुरशी आली, आणि बुरशी आली की भुशाच्या पिशव्या गेल्या. मागच्या हिवाळ्याआधी हेच झालं. पिशव्यांत अळिंबीचं बी भरताना बायकोला घाम फुटलेला पाहून तुळशीरामनं प्रेमानं पंखा लावला, अन् पिशव्या पोपटासारख्या हिरव्यागार! नागपूरला जाऊन शिताके या जपानी अळिंबीची, इकडच्या भाषेत सात्यांची, लागवड शिकून आलेल्या कमलला अख्खा मोहल्ला विचारत होता, "काय वो, जपानी सात्या लावल्या का पालक?"

यंदा शेवटची संधी. धाकटा दीर सुमेध याचं करुणाशी लग्न ठरलं होतं आणि घरात जास्तीची खोली ही एकच. पिशव्या नासल्या तर खोली सुमेधची, कमल पुन्हा संत्र्याच्या पेट्या भरायला. असं चारचौघांत बोलणं झालेलं.

अडचण तुळशीरामच्या नाकात होती. जन्मभर त्यानं पांढुर्ण्यात आरा मशीनवर लाकूड चिरलं. निम्मा भुसा मालकानं विकला, निम्मा याच्या छातीत गेला. त्याची शिंक साधी नव्हे. एकदा तिगावच्या फलाटावर तो शिंकला आणि मालगाडी थांबली, हे पाहणारे लोक आजही जिवंत आहेत. सिग्नल लाल होता असं ड्रायव्हर म्हणतो खरा, पण त्याला नोकरी सांभाळायची असते.

तरी पिशवीचं तोंड धरायला एक माणूस आणि बी टाकायला दुसरं हवंच. नाकातोंडाला ओलं फडकं बांधून तुळशीराम वाफवलेल्या भुशावर बी सोडत होता, कमल कापसाचा बोळा बसवत होती. निम्म्या पिशव्या झाल्या आणि त्याचा हात हवेतच थांबला.

"आली?"

त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी, चेहरा वांग्यासारखा.

"दार उघडू?"

नाही, नाही! दार उघडलं की वारा. त्यानं नाक चिमटीत धरलं. कपाळावरची शीर फुगली. कमलनं उघडी पिशवी पाठीमागं टाकली, झटक्यात त्याचं डोकं खांद्यावर ओढलं आणि पदराच्या सगळ्या घड्या त्याच्या तोंडावर दाबल्या.

शिंक आली. कमल भिंतीवर आदळली. छपरावरची कवेलू खडखडली. ज्योत वाकली, निळी झाली, थरथरली... आणि सरळ उभी राहिली.

"हलू नोका," कमल कुजबुजली. बराच वेळ दोघं तशीच उभी होती. मग तिनं ती उघडी पिशवी बाजूला ठेवली. "हे गेली समजा. तुमी बाहीर व्हा. दार मी लावीन, हळूच."

"अन् पिशवी कोन धरन?"

"गुडघ्यात धरीन. जा नं, अवो."

सुमेध मोजायचा टेप घेऊनच आला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. खिडकीतून आत पाहून तो गोंधळला.

"वयनी, हे पांढरं पडलं म्हंजे चांगलं का खराब?"

"चांगलं, भाऊ."

त्यानं टेप गुंडाळला. "मंग पडवीलेच भित घालतो, दादा. करुणाले सांगतो, हवा मस्त येते म्हून."

थंडी पडली, पिशव्यांवर तपकिरी साल धरली आणि अळिंबी फुटली. आता खोलीचा हुकूमच उलटला. वारा खेळला नाही तर नुसते दांडे लांबतात, टोपी फुलत नाही. पण पिकल्या अळिंबीची बारीक पूड हवेत उडते. उंबऱ्यावर पाय ठेवताच तुळशीरामची छाती आवळली. डॉक्टरनं सांगितलं, आत जायचं नाही. कधीच नाही.

म्हणून पंख्याचं बटन त्यानं बाहेरच्या भिंतीवर घेतलं. वारा जिथून आत जातो त्या खिडकीशी तो स्टूल टाकून बसे, झडप कधी बोटभर उघडी, कधी वीतभर.

पहिल्या तोडणीला कमल टोपली घेऊन आत गेली.

"केवढी झाली व?" त्यानं जाळीतून विचारलं.

तिनं एक तोडून जाळीला टेकवली. गडद टोपी, कडेला पांढरे ठिपके. तुळशीरामनं अलीकडून तिथंच तळहात ठेवला.

"गार हाय," तो म्हणाला.

कमलनं हात तसाच जाळीवर ठेवला; बाकीची टोपली नंतर भरली.